बाबांचा वरचा सा

५ नोव्हेंबर, सकाळी

ताई,

दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. या घरातून तुला पत्र आलं म्हणजे तू आधी तेच समजशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. बाबा ठणठणीत आहेत. दादा होता तस्साच आहे. वहिनी सकाळपासून दोनदा माझ्यावर आणि एकदा दुधावर उखडली आहे. तुझा पत्ता मावशीने दिला. म्हणजे दिला कसला, मी तिच्यासमोर कागद-पेन घेऊन हटून बसले तेव्हा कंटाळून तिने सांगितला.

लिहायचं कारण म्हणजे मला बोलायला बंदी आहे. हस, हस. मला! घसा जरा धरलाय, विशेष काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे दिवस तोंड मिटून राहा, कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुज म्हणे बोलण्याहून वाईट. तेव्हा मी गळ्यात पाटी अडकवून फिरते आहे, पेनाने लिहायचं आणि फडक्याने पुसायचं. दादाशी भांडण निघालं की माझं वाक्य लिहून होईपर्यंत तो खोलीतून गेलेला असतो. जन्मात पहिल्यांदा तो माझ्याशी भांडणात जिंकतोय, त्यामुळे खुशीत आहे.

घरात सध्या नुसती धावपळ आहे. महिनाअखेरीला आजोबांची, बाबांच्या अण्णांची, जन्मशताब्दी. मोठं सभागृह घेतलंय, तेच, ज्याच्या मागच्या जिन्यात तुझा पाय मुरगळला होता. तिकिटं केव्हाच संपली. बाबा गाणार, मागे तंबोरा घेऊन मी बसणार. रोज कुणीतरी मुलाखतीला येतं आणि बाबांना विचारतं, या वयात हा आवाज कसा टिकवलात? बाबा म्हणतात, रियाज. वहिनी चहाचा ट्रे ठेवते आणि माझ्याकडे बघत नाही.

तुझं चष्म्याचं दुकान कसं चाललंय? मावशी म्हणाली, तू लोकांचे नंबर तपासतेस. भिंग बदलून विचारतेस म्हणे, ‘आता स्पष्ट दिसतंय का आधी दिसत होतं?’ तुझ्या तोंडी शोभतो हो हा प्रश्न.

मला तुझ्याकडून काही नको आहे. उगाच वाटलं, लिहावं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

धाकटी

११ नोव्हेंबर

ताई,

पाकीट फोडलं तर आत एकच ओळ. ‘काही नको असतं तर तू लिहिलंच नसतंस, खरं सांग.’ इतक्या वर्षांनी बहिणीला हे एवढंच? बरं, घे खरं.

घसा धरलेला नाही. स्वरतंतूंवर गाठी आहेत, दोन्ही बाजूंना. डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून पडद्यावर दाखवल्या. दोन पांढऱ्या पट्ट्या मिटतात-उघडतात आणि मधोमध तांदळाच्या कण्या चिकटल्यासारखं काहीतरी. मी म्हटलं, गोळी द्या. त्या म्हणाल्या, यावर गोळी नसते. डिसेंबर अर्धा होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, गायचा तर विचारही करायचा नाही. ऐकलंत तर गाठी जिरतील. अशा गळ्याने एक मैफल जरी ओढलीत तरी कापायला लागेल, आणि कापल्यावर गाणं राहील याची मी हमी देत नाही.

मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. म्हणाल्या, तुम्ही घरी कुणाची नक्कल करता का? मी म्हटलं, नाही बुवा. तर म्हणाल्या, गळ्याची ठेवण बघता तुमचा आवाज वरचा असायला हवा, तुम्ही तो दाबून जाड करताय, वर्षानुवर्षं करताय, पुरुषाचा काढल्यासारखा.

काय सांगणार होते? आमच्या घरात पट्टी एकच, पेटीवरची काळी दोन, आजोबांची, बायका असोत की पुरुष सगळ्यांनी त्यातच गायचं, हे त्या बाईला काय कळणार. तुला कळतं. तू वरची, बाईच्या गळ्याची काळी चार मागितलीस आणि बॅग उचलून बाहेर पडलीस.

आता पुढचं ऐक. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, मावशीलाही नाही. तू होतीस तेव्हा बाबांचा वरचा सा बाबांचाच होता. आता तो माझा आहे.

कसं सुरू झालं तेही सांगते. एका मैफिलीत ते वर गेले आणि सूर काठावरून घसरला. मी मागे होतेच, झटकन लावून दिला, त्यांच्यासारखाच ‘आ’, तितकाच जाड. साथीला बसणारी सगळीच कधीमधी सावरून घेतात, त्यात वावगं काही नाही. पण पुढच्या मैफिलीत परत, त्याच्या पुढच्या परत. आता तर ठरूनच गेलंय. ते तोंड उघडतात, उजवा हात वर नेतात, आणि सूर मागून येतो. दोन माइक आहेत, दादा आवाज इतका बेमालूम मिसळून घेतो की पहिल्या रांगेतसुद्धा कळत नाही. लोक टाळ्या वाजवतात. पेपरात येतं, वय झालं पण सा तसाच लखलखीत.

आणि ताई, बाबांना हे ठाऊक नाही. वरचे सूर त्यांच्या कानाला आताशा नीट पोचत नाहीत. फोनची घंटा ऐकू येत नाही, वहिनीची हाक ऐकू येत नाही. कान तपासायचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. घुमून आलेला माझा सूर ते आपलाच समजतात. पेटीवाल्या काकांना माहीत आहे, दादा-वहिनीला माहीत आहे, पण कुणी ब्र काढत नाही.

म्हणजे मी बसले नाही तर त्या दिवशी भरल्या सभागृहात त्यांचा हात वर जाईल आणि सूर येणारच नाही. आपल्याकडे तो उरलेला नाही हे त्यांना त्या क्षणी, हजार माणसांसमोर कळेल. आणि बसले तर माझा गळा गेला. दादा म्हणतो, ‘एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे.’ त्याचं काय जातंय?

तर आता मागते. ताई, तू ये. एकदाच. तुझा-माझा आवाज एकसारखा आहे, आईसुद्धा फसायची. माझ्या जागी तू बस. बाबांशी बोलू नकोस हवं तर, त्यांच्या पाठीकडे बघायचं आणि सूर द्यायचा. पहिलं पत्र मी याचसाठी लिहिलं होतं.

धाकटी

१७ नोव्हेंबर

ताई,

वा! ‘मी त्यांच्या मागे बसणार नाही. तूही बसू नकोस. त्यांना सरळ सांग.’

सांग म्हणे! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय तुझं? तू सांगितलंस तेव्हा काय झालं होतं, विसरलीस? तुला दार दाखवलं, आणि तू त्या दारातून ऐटीत निघूनही गेलीस. नंतर काय झालं ते मी सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला उठवलं, तुझा तंबोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘बस.’ मी तेव्हा नाटकात गात होते, आठवतं? आपल्या आवाजात गात होते. कुणी विचारलं मला, तुला बसायचंय का? तू उठलीस म्हणून मला बसावं लागलं. तुझी सुटका माझ्या गळ्यावर झाली, ताई. हे तुला कधी म्हणाले नव्हते, आज म्हणते. राग आला तर येऊ दे.

आणि तरीही तुझ्यावाचून दुसरं कुणी नाही जिला हे लिहावं. कसलं हे नशीब!

दादाने तोडगा काढलाय. त्याच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे, मैफिलीच्या आधी गळ्याला इंजेक्शन देतो. सूज उतरते, तासन्‌तास काही जाणवत नाही, पाहिजे तेवढं गा. मी पाटीवर लिहिलं, ‘आणि दुसऱ्या दिवशी?’ तो म्हणाला, ‘दुसऱ्या दिवशी आराम कर की, कोण नको म्हणतंय?’ वहिनी भांडी पुसत होती. तिने फडकं आपटलं आणि म्हणाली, ‘स्वतःच्या गळ्यात घे ते इंजेक्शन.’ मला इतकं हसू आलं, आणि हसायलाही बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

नंतर बाबा आले. हातात सफरचंद होतं, कापून मला अर्धं दिलं. म्हणाले, ‘सर्दी बरी होईल, काळजी करू नकोस.’ दादाने त्यांना सर्दी सांगितलीय. त्यांचा तो सुरकुतलेला हात बघितला आणि माझं सगळं बळ गेलं. या माणसाला मी हजार लोकांपुढे उघडं पाडू? मला नाही जमणार.

मी इंजेक्शनला हो म्हटलं. म्हणजे मान हलवली.

धाकटी

२२ नोव्हेंबर, दुपारी

ताई,

घाईघाईत लिहितेय, अक्षर लागलं तर वाच.

आज तालीम होती, पुढच्या खोलीत. पेटीवाले काका, तबलजी, बाबा आणि त्यांच्या मागे मी. ठरलं असं होतं की मी नुसता तंबोरा छेडायचा, तोंड उघडायचं नाही. बाबा तालमीत वर जात नाहीत, आवाज राखून गातात, त्यामुळे धोका नव्हता. दादा खिडकीत उभा होता. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. सगळं ठीक चाललं होतं.

आणि बाबा वर निघाले. काय मनात आलं कुणास ठाऊक. पायरी पायरीने चढत चढत गेले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे पाहिलं. बाबांचा उजवा हात वर गेला. मी ओठ दातांत धरले. काकांनी पेटीचा भाता जोरात मारून सा दाबून धरला, बिचारे! नुसतीच पेटी वाजत राहिली.

बाबांनी उघडं तोंड तसंच ठेवून क्षणभर वाट पाहिली. मग मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘कुठे गेलीस?’

ताई, आलं का लक्षात? ज्याचा सूर लागत नाही तो घसा खाकरतो, पाणी मागतो. बाबांनी मला शोधलं. त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्यापासून.

काका उठून चप्पल शोधायला लागले. दादा म्हणाला, ‘बाबा, तिला सर्दी आहे ना.’ बाबांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मी पाटीवर सगळं लिहिलं, गाठी, नळी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. पाटी पुरेना, पुसून पुसून लिहीत होते. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. मला वाटलं, आता जवळ घेतील.

म्हणाले, ‘गाठी काय, सगळ्यांना येतात. मला आल्या होत्या, अण्णांच्या मागे बसून.’

मी पाटी खाली ठेवली. ते म्हणाले, ‘अण्णांच्या शेवटच्या रेकॉर्डवरचा सा कुणाचा वाटतो तुला? त्यांचा वरचा केव्हाच गेला होता. मी द्यायचो.’

ती रेकॉर्ड, ताई! जिचं नाव घेताना लोक आदराने कानाची पाळी धरतात. दादा शिकवणीत पहिल्या दिवशी पोरांना लावून दाखवतो ती.

मी लिहिलं, ‘मग तुमच्या गाठी बऱ्या झाल्या?’

‘झाल्या की,’ ते म्हणाले. मग चष्मा काढत, ‘आवाज वरून कच्चा राहिला तो राहिलाच. पण ओढला मी चांगला पन्नाशीपर्यंत.’ आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘एवढी संध्याकाळ काढ. पुढे तुझ्यामागेही कुणीतरी बसेलच.’

किती सहज म्हणाले, ताई. आणि मी इतकी वर्षं काय समजत होते? म्हाताऱ्याची लाज राखतेय, पुण्याचं काम करतेय. रात्रंदिवस जपलं मी, त्यांना कळू नये म्हणून. त्यांनी एकदा, नुसतं एकदा, ‘दमलीस का गं’ असं विचारलं असतं तर मी हा गळा कापून दिला असता. आज मला त्यांचा इतका राग आलाय की भीती वाटते.

धाकटी

२५ नोव्हेंबर

ताई,

केलं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ‘इंजेक्शन घेणार नाही. मागे बसणार नाही. पट्टी उतरवा, पांढरी एक घ्या, तुमचा सा तुम्हाला लागेल.’

दादा एवढा ओरडला की शेजारचे गॅलरीत आले. कृतघ्न, घरबुडवी, ताईवर गेली आहे, सगळं झालं. (तुझ्यावर गेले म्हटल्यावर पहिल्यांदाच बरं वाटलं.) वहिनीने त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, ‘आधी गिळ, मग ओरड.’

बाबा जेवत होते. ‘अण्णांच्या शताब्दीला अण्णांची पट्टी उतरवू?’ एवढंच विचारलं. मी लिहिलं, ‘अण्णांना तरी कुठे लागत होता?’ त्यांनी ते वाचलं. ताई, त्यांच्या तोंडावर असं कुणी कधी बोललेलं नाही, तूसुद्धा नाही. मला वाटलं, पाटी भिरकावतील. त्यांनी ती उलटी करून ठेवली, ताट संपवलं आणि उठताना दादाला म्हणाले, ‘तिला राहू दे. बघू.’

बघू म्हणजे काय? पट्टी उतरवणार? गाणार नाहीत? का ऐन वेळी माझा हात धरून मला वर नेणार? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

त्यात काल सकाळपासून दादा गोड झालाय. ‘तू आराम कर, मी सोय केलीय’ म्हणाला. कसली सोय ते सांगत नाही. त्याचा एक विद्यार्थी मागे बसणार आहे, पण त्या पोराला वरचा सा या जन्मी लागायचा नाही, हे दादालाही कळतं. दिवसभर सभागृहात ध्वनियंत्रणेवाल्याबरोबर बसून असतो. मला तिसऱ्या रांगेतलं तिकीट आणून दिलं. दादा गोड बोलायला लागला की समजावं, काहीतरी शिजतंय.

जाणार आहे मी. बाबांना गाताना समोरून मी कधी पाहिलेलंच नाही.

धाकटी

३० नोव्हेंबर

ताई,

कालचं सांगते, सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

सभागृह खचाखच. तिसरी रांग, कडेची खुर्ची. तंबोरे जुळले, आणि पहिल्याच झंकाराला कळलं, काळी दोन. पट्टी उतरवली नव्हती. बाबांच्या मागे दादाचा तो विद्यार्थी, घाबरून तोंड घट्ट मिटून बसलेला. दादा बाजूच्या पडद्यापाशी.

बाबा काय सुरेख दिसतात गं गाताना! गाताना भुवया उंचावतात, लहान मुलाला गंमत सांगितल्यासारख्या. मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांची पाठ ओळखत होते, सदऱ्याची शिवण, मानेवरचा तीळ. खालचे सूर तर असे लागले होते की बाजूचे गृहस्थ डोळे पुसत होते. मी मनात म्हणत होते, बाबा, इथेच राहा, वर जाऊ नका, काही गरज नाही.

गेले. माहीतच होतं, जाणार. तिथे जाऊन परत फिरणं त्यांना येतच नाही. एकेक सूर चढत गेले, आणि ताई, माझा गळा आपोआप तयार व्हायला लागला. आतून आवळायला लागला, दाबायला लागला. मी रुमाल तोंडात कोंबला. शेजारच्या गृहस्थांना वाटलं असेल, बाई भावनावश झाली. बाबांनी तोंड उघडलं. हात वर गेला.

आणि सूर आला.

भरगच्च, लखलखीत, काठोकाठ सा. माझा. माझ्या तोंडात रुमाल, आणि माझा आवाज सभागृहभर. मला वाटलं मी गायले. मी खरंच गळ्याला हात लावून बघितला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दादा मैफिली रेकॉर्ड करतो, माझा माइक वेगळा धरून. त्यातला एक सा उचलून ठेवला होता. हात वर गेला की ध्वनियंत्रणेवाल्याने कळ दाबायची. ही सोय.

बाबांनी टाळ्यांमध्येच मागे वळून पाहिलं. मी परत आले असं वाटलं असणार त्यांना. चेहऱ्यावर मला हसू दिसलं, खरंच सांगते. मागे तो पोरगा, ओठ शिवल्यासारखे. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग समोर वळले आणि तोंड मिटलं.

सूर चालूच होता.

हजार माणसं बघताहेत, गायक तोंड मिटून बसलाय, हात मांडीवर, आणि त्याचा सा गाजतोय. काकांनी पेटीवरून हात उचलले. तबलजी थांबला. टाळ्या तुटक तुटक होत बंद पडल्या. मग कुणीतरी कळ बंद केली आणि सूर मधूनच कापला गेला. मागच्या रांगेत कुणी फिस्सकन हसलं. मी उठून उभी राहिले होते. ओरडणार होते, गळा गेला तरी चालेल, काहीतरी ओरडणार होते.

बाबांनी माइक जवळ ओढला. चहा मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणाले, ‘आत्ता ऐकलात तो आवाज माझा नव्हता. बरीच वर्षं नव्हता. माझा इथपर्यंतच येतो.’ आणि हात छातीपाशी धरून दाखवला. ‘तेवढ्यात भागत असेल त्यांनी बसावं. दारं उघडी आहेत.’

मग काकांना म्हणाले, ‘पांढरी एक.’

तंबोरे उतरवून पुन्हा जुळवायला किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे. तेवढा वेळ सगळं सभागृह गप्प बसून तारांची कुरकुर ऐकत होतं. काही लोक गेले. फार नाही गेले. मग बाबा गायले. वरचा सा लागला, ताई. बारीक, जरासा हलणारा, म्हाताऱ्या माणसाचा. टाळी कमी पडली. मी रडले. आणि रागही आला, कारण एवढं सगळं बोलले, पण तो आवाज कुणाचा होता ते नाही सांगितलं. माझा उल्लेख करायची सवयच नाही त्यांना. माणूस मागे बसला तर ती साथ, यंत्र वाजलं तर ती चोरी, हा त्यांचा हिशेब. यंत्र नसतं, मीच असते, तर काल त्यांनी काही न बोलता टाळ्या घेतल्या असत्या. हे मी विसरणार नाही.

आज सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, ‘कधीचा होता तो सा?’ मी लिहिलं, ‘दादाला विचारा.’ त्यांनी पाटी वाचली. ‘चांगला लागला होता,’ म्हणाले आणि गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

दादा कालपासून खोलीतून बाहेर आलेला नाही. वहिनी त्याचं ताट दाराशी ठेवते आणि माझ्याकडे बघून डोळा मारते.

धाकटी

१६ डिसेंबर

ताई,

तुझं पाकीट मिळालं. आत नुसता फोन नंबर, एक शब्द नाही. तुझी चूक नाही, आपल्या घरात शब्द आधीपासूनच महाग.

आज डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. पुन्हा ती नळी, पुन्हा तो पडदा. त्या नळी इकडेतिकडे फिरवत राहिल्या. माझा जीव टांगणीला. मग म्हणाल्या, ‘जिरल्यात गाठी. शहाण्यासारख्या वागलात.’ मी पाटीवर ‘थँक्यू’ लिहायला लागले तर त्यांनी पाटी काढून घेतली. म्हणाल्या, ‘एक सूर काढा. कुठलाही, सोपा वाटेल तो.’

सोपा कुठला ते मला कुठे माहीत? तोंड उघडलं, सवयीने गळा आवळला. त्यांनी बोट उचललं. ‘दाबू नका. कुणासारखा काढायचा नाहीये.’ परत उघडलं, परत आवळला. घाम फुटला मला, ताई. वाटलं, आता आत काही नाहीच. तिसऱ्यांदा मी नुसता श्वास सोडला, आणि त्याच्याबरोबर काहीतरी बाहेर आलं. उंच, बारीक, शाळकरी पोरीसारखं.

मी मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून.

खोलीत आम्ही दोघीच होतो. डॉक्टरीणबाई हसल्या आणि मला रडू फुटलं, तेही त्याच उंच आवाजात. मग त्याचंच हसू आलं. कुठली पट्टी आहे काही कळत नाही, गाणं राहिलंय की नाही तेही कळत नाही. त्या म्हणाल्या, रोज थोडं थोडं बोला, घाई नको.

घरी अजून कुणाशी बोललेले नाही. बाबांनी दोनदा येऊन पाटीकडे बघितलं, मी पाटीच दाखवली. पहिलं बोलणं तुझ्याशीच करायचं ठरवलंय. उद्या दुपारी, तुझं दुकान बंद असेल तेव्हा, फोन करते. आवाज तुला ओळखू येणार नाही. चुकीचा नंबर समजून ठेवून देऊ नकोस. मीच असेन.

धाकटी